‘आयव्हीए’ हा कर्जफेडीचा करार चालू असताना भाड्याचं घर शोधणं: स्लावमधल्या एका कुटुंबाचं प्रकरण

लंडनच्या पश्चिमेला स्लाव नावाचं गाव आहे. तिथे मी मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या लोकांना कागदपत्रं वाचायला, पत्रं लिहायला, फोनवर दुभाषी म्हणून मदत करते. मी कर्जसल्लागार नाही. तो सल्ला द्यायला इथे अधिकृत परवानगी लागते, आणि स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन, सिटिझन्स अॅडव्हाइस अशा संस्था तो फुकट देतात. खाली मांडलेल्या प्रकरणात मी पहिल्या फोनपासून शेवटच्या सहीपर्यंत बाजूला बसून होते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कुटुंबाने लिहायला होकार दिला, कारण जे त्यांना उशिरा कळलं ते दुसऱ्या कुणाला वेळेत कळावं असं त्यांना वाटतं.

पार्श्वभूमी

प्रशांत हीथ्रोजवळच्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर. वैशाली एका शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ. मुलगी दहा वर्षांची. दोघांनीही ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं. २०१८ मध्ये प्रशांतने नोकरीच्या जोडीला डबे पोचवण्याचा धंदा काढला, व्हॅन घेतली, भांडी घेतली. २०१९ मध्ये सांगलीला वडिलांचं बायपास झालं, त्याचा बराचसा खर्च क्रेडिट कार्डावर गेला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ऑफिसं बंद झाली आणि डबे थांबले. त्या वर्षाच्या अखेरीस प्रशांतच्या नावावर चार कार्डं आणि दोन कर्जं मिळून साधारण ३४ हजार पाउंड देणं होतं.

मार्च २०२१ मध्ये त्याची आयव्हीए मंजूर झाली. आयव्हीए म्हणजे इंडिव्हिज्युअल व्हॉलंटरी अरेंजमेंट. १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी कायद्याखालचा हा करार इंग्लंड आणि वेल्समध्ये चालतो. लायसन्स असलेला इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनर प्रस्ताव मांडतो. मत देणाऱ्यांपैकी रकमेच्या हिशोबाने ७५ टक्के सावकारांनी होकार दिला की तो सगळ्यांना बांधील होतो. त्यानंतर व्याज थांबतं, वसुलीचे फोन थांबतात. प्रशांतचा हप्ता महिना २४० पाउंड ठरला, ६० महिने, एप्रिल २०२१ पासून. तोच प्रॅक्टिशनर पुढे सुपरवायझर म्हणून करारावर लक्ष ठेवतो.

या करारासोबत काही गोष्टी येतात, आणि घर शोधताना नेमक्या त्याच आडव्या आल्या. आयव्हीएची नोंद सरकारच्या इन्सॉल्व्हन्सी रजिस्टरमध्ये होते. ते रजिस्टर कुणीही फुकट बघू शकतं, आणि करार संपल्यावर तीन महिन्यांनी नाव निघतं. क्रेडिट फाइलवरची, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासातली, नोंद मंजुरीपासून सहा वर्षं राहते. सुपरवायझरच्या परवानगीशिवाय ५०० पाउंडांहून जास्त उसनवारी करायची नाही. मोठी रक्कम हातात आली तर ती कळवायची.

कुटुंब तेव्हा दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये १,१५० पाउंड भाड्याने राहत होतं. भाडं एकदाही चुकलेलं नव्हतं.

अडचण

२६ जून २०२३ ला दारात सेक्शन २१ ची नोटीस आली. मालकाला फ्लॅट विकायचा होता. कारण न देता भाडेकरूला दोन महिन्यांची सूचना देण्याची ती तरतूद होती. तारीख २८ ऑगस्ट.

तोवर त्या भागातली भाडी वर गेली होती. तसलाच फ्लॅट १,४०० च्या खाली दिसत नव्हता. दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न ४३,५०० पाउंड होतं. एजंट बहुधा मासिक भाड्याच्या तीसपट वार्षिक उत्पन्न मागतात, म्हणजे १,४०० साठी ४२,०००. काठावर, पण बसत होतं.

पहिला फ्लॅट त्यांनी माझ्याकडे येण्याआधीच धरला. शाळेपासून दहा मिनिटांवर, भाडं १,४००. घर राखून ठेवायला एका आठवड्याचं भाडं, ३२३ पाउंड, होल्डिंग डिपॉझिट म्हणून भरलं. मग रेफरन्सिंगचा, म्हणजे भाडेकरूच्या तपासणीचा, ऑनलाइन फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: गेल्या सहा वर्षांत तुमच्यावर कोर्टाचा निवाडा, आयव्हीए किंवा दिवाळखोरी झाली आहे का? प्रशांतने ‘नाही’वर खूण केली.

त्याने मला नंतर सांगितलं, “ताई, बोट ‘हो’वरच होतं. वैशाली मागे उभी होती, मुलगी विचारत होती की तिला कुठली खोली मिळणार. मला वाटलं, हप्ते तर भरतोय, मग हे झाल्यासारखं कुठे आहे?” गोदामातल्या एका मित्राने आधीच सांगून ठेवलं होतं की कोण बघतंय, नाही म्हण.

बघणारं होतंच. रेफरन्सिंग कंपनीने सहा दिवसांत नोंद काढली. एजंटने नकार कळवला आणि सोबत लेखी कारण दिलं: अर्जात चुकीची माहिती दिल्यामुळे होल्डिंग डिपॉझिट परत मिळणार नाही. २०१९ च्या टेनंट फीज कायद्यात ही मुभा आहे. माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी असेल, आणि तिचा मालकाच्या निर्णयावर परिणाम होणं रास्त असेल, तर ते पैसे ठेवता येतात. त्या महिन्यात त्यांच्यासाठी ३२३ पाउंड म्हणजे आयव्हीएच्या हप्त्याहून मोठी रक्कम होती.

त्या संध्याकाळी वैशालीचा मला पहिला फोन आला.

कोणते पर्याय समोर होते

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही तीन तास बसलो. समोर प्लास्टिकची पिवळी फाइल होती. प्रशांतने आयव्हीएचं प्रत्येक पत्र तारखेप्रमाणे लावून ठेवलं होतं, वरच्या कोपऱ्यात बॉलपेनने आकडे टाकलेले. इतकी नीट फाइल ठेवणाऱ्या माणसाने त्या एका चौकोनात खोटं लिहिलं, यावरून लाज किती खोल गेली होती ते कळतं.

जागेवर थांबून राहणं हा पहिला पर्याय. नोटिशीची तारीख उलटली म्हणून घर सोडावंच लागतं असं नाही. मालकाला कोर्टातून ताब्याचा आदेश आणावा लागतो, त्यात महिने जातात. पण कोर्टाचा खर्च भाडेकरूवर पडू शकतो, आणि पुढच्या घरासाठी याच मालकाकडून चांगली शिफारस हवी होती. तरीही हा पर्याय आम्ही खोडला नाही. घर मिळेपर्यंत आपणहून बाहेर पडायचं नाही, एवढं ठरवलं.

दुसरा, काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका. ५६ दिवसांत बेघर होण्याची शक्यता असेल तर काउन्सिलने मदत करणं २०१७ च्या होमलेसनेस रिडक्शन कायद्याने बंधनकारक आहे, आणि वैध सेक्शन २१ नोटीस त्यात धरली जायची. प्रशांतला हे अपमानास्पद वाटत होतं. मी म्हटलं, अर्ज करून ठेव, घर मिळालं तर अर्ज बंद करता येतो.

तिसरा, वैशालीच्या एकटीच्या नावावर घर. कर्ज तिच्या नावावर नव्हतं. पण तिच्या १४,५०० उत्पन्नाला तीसने भागलं की ४८३ पाउंड भाडं येतं. त्यात खोलीसुद्धा मिळत नाही.

चौथा, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. तेव्हा हा सर्रास चालणारा तोडगा होता. पण साधारण साडेआठ हजार पाउंड आणायचे कुठून? उसने घेणं करारात बसत नव्हतं. ओळखीच्या एकाने रोख द्यायची तयारी दाखवली होती. ती घेतली असती तर घरासाठी आयव्हीए मोडली असती.

पाचवा, ओळखीतून, कागदाशिवाय. एका परिचितांच्या घरात वरच्या दोन खोल्या, करार नाही, डिपॉझिट सुरक्षित योजनेत नाही. आपल्या लोकांत हे फार होतं, आणि मदत करणाऱ्याची भावना खरी असते. पण भाडं भरल्याचा पुरावा राहत नाही, आणि प्रशांतला पुढे जर काही दाखवायचं होतं तर ते नेमकं हेच.

सहावा, जामीनदार. यावर नवराबायकोत मतभेद झाले. वैशालीचा मावसभाऊ हॅरोत राहतो, स्वतःचं घर आहे, पगार चांगला. ती विचारायला तयार होती. प्रशांतच्या घरात मात्र आजोबा एका शेजाऱ्याच्या सोसायटी कर्जाला जामीन राहिले आणि त्यात जमिनीचा तुकडा गेला, ही गोष्ट दर दिवाळीला सांगितली जाते. तो म्हणाला, “मी कुणाला जामीन राहणार नाही, आणि कुणाला माझ्यासाठी राहू देणार नाही.” मला दोघंही पटत होते. इथल्या जामिनाचा कागद पुष्कळदा सगळ्या भाड्यासाठी, नुकसानीसाठी आणि करार वाढला तरी लागू असतो. मावसभावाला ते नीट वाचून दाखवल्याशिवाय सही मागणं अन्यायाचं झालं असतं, आणि वाचून दाखवायचं तर कर्जाची सगळी कहाणी सांगावी लागली असती. शेवटी आम्ही तारीख घातली: ५ ऑगस्टपर्यंत घर ठरलं नाही तर वैशाली हॅरोला फोन करेल. तारीख ठरल्यावर वाद थांबला.

काय केलं

आधी सांगायचं, मग बघायला जायचं, असा नियम केला. प्रत्येक एजंटला फोनवर पहिल्या दोन मिनिटांत सांगायचं की एका अर्जदाराची आयव्हीए चालू आहे, हप्ते वेळेवर आहेत, भाडं कधी थकलेलं नाही. मालक विचार करतील का? पहिल्या पाचांपैकी दोघांनी सरळ नाही म्हटलं. एकाने जामीनदार मागितला, भाड्याच्या छत्तीसपट उत्पन्नाचा आणि घरमालक असलेला. एकाने परत फोन केला नाही.

नकार देणाऱ्यांपैकी एका मुलीने कारण मोकळेपणाने सांगितलं. मालकाने भाडं बुडण्याविरुद्ध विमा घेतलेला असतो आणि विम्याच्या अटीत स्वच्छ रेफरन्स लागतो. आयव्हीए दिसली की विमा मिळत नाही. हे ऐकल्यावर प्रशांतचा चेहरा बदलला. तोवर त्याला वाटत होतं की लोक त्याला बुडवा समजतात. मग शोधायला लागलो ते असे मालक, जे विम्याच्या जिवावर नाही तर स्वतः माणूस बघून घर देतात: एकदोन घरं असलेले, छोट्या एजंटकडचे.

कागदांचा गठ्ठा तयार केला. सुपरवायझरकडून पत्र मागवलं, की जुलै २०२३ पर्यंतचे २८ हप्ते वेळेवर आले आहेत आणि भाडं भरणं कराराच्या विरुद्ध नाही, उलट ते मासिक खर्चात मंजूर आहे. हे पत्र यायला नऊ दिवस लागले. चालू मालकाची शिफारस. बँकेची स्टेटमेंट्स, प्रत्येक महिन्याच्या भाड्याच्या ओळीवर पिवळी रेघ. आणि वर एक पानभर निवेदन: कर्ज कसं झालं, आता काय चालू आहे, घरखर्चाचा हिशोब. निवेदनात वडिलांच्या आजारपणावर दोनच वाक्यं ठेवली. प्रशांतला आणखी लिहायचं होतं. मी अडवलं, कारण वाचणाऱ्याला दर महिन्याच्या एक तारखेची खात्री हवी असते.

२९ जुलैला, शनिवारी, एका फ्लॅटवर मालक स्वतः आले. सत्तरीचे सरदारजी, निवृत्त बसचालक. भाडं १,४२५. त्यांनी गठ्ठा ओट्यावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्टेटमेंट्सच्या पिवळ्या रेघा बोटाने मोजत गेले. एका पानावर थांबून विचारलं, “ये अप्रैल दो हज़ार बीस में भी दिया?” लॉकडाउनचा महिना होता. प्रशांत म्हणाला, “दिया. घर का तो देना ही था.” त्यांनी पान उलटलं. निवेदन त्यांनी वाचलंच नाही.

त्यांची अट दोन महिन्यांचं भाडं आगाऊ, जामीनदार नको. रेफरन्सिंग रीतसर झालं, या वेळी त्या चौकोनात ‘हो’ होतं. रिपोर्टात आयव्हीए आली, आणि मालकांनी ती आधीच माहीत असल्याचं एजंटला सांगितलं.

पैशांची जुळवाजुळव

इथे मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली. दोन महिन्यांचं भाडं २,८५०. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं, म्हणजे १,६४४ (होल्डिंगचे ३२८ त्यातच वळते). व्हॅन १८०. एकूण ४,६७४ पाउंड. जुन्या घराचं डिपॉझिट घर सोडल्यानंतरच मिळणार होतं.

दोन वर्षांत थोडे थोडे बाजूला टाकलेले २,१५० होते. जुनी दुसरी गाडी १,१०० ला गेली, सुपरवायझरला आधी विचारून. उरलेल्यासाठी प्रशांतच्या कोल्हापूरच्या बहिणीने १,५०० पाउंडांइतके रुपये देऊ केले. ते उसने म्हणून घेता येत नव्हते. तिने लिहून दिलं की ही भेट आहे, परत मागणार नाही, फक्त घर बदलण्याच्या खर्चासाठी आहे. ते पत्र सुपरवायझरकडे गेलं आणि ‘हरकत नाही’ असं लेखी उत्तर आल्यावरच पैसे खात्यात घेतले. जमले ४,७५०. खर्च वजा जाता ७६ पाउंड राहिले.

नवं भाडं २७५ ने जास्त. त्यात २४० चा हप्ता निभणार नव्हता. त्यांच्या करारात सुपरवायझरला स्वतःच्या अधिकारात हप्ता १५ टक्क्यांपर्यंत कमी करता येत होता, म्हणजे फक्त ३६ पाउंड. त्यापुढे जायचं तर सावकारांचं पुन्हा मतदान. प्रस्ताव गेला: हप्ता १५०, मुदत १२ महिन्यांनी वाढवायची. मूळ हिशोबाने सावकारांना १४,४०० मिळणार होते. नव्या हिशोबाने १३,५९०. करार मोडला तर याहून फार कमी हाती लागलं असतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मंजुरी आली.

निष्पत्ती

२ सप्टेंबर २०२३ ला घर बदललं. १९ तारखेला गणपती बसले, आजूबाजूला अजून खोकी होती आणि मखर म्हणून डिशवॉशरचा पुठ्ठा. मुलीची शाळा बदलली नाही. काउन्सिलचा अर्ज बंद केला.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर कठीण गेले, कारण भाडं नवं होतं आणि हप्ता जुनाच. जुन्या डिपॉझिटच्या १,३२६ मधून ओव्हन आणि ओट्यावरच्या हळदीच्या डागाचे १२६ कापून १,२०० आले, त्यावर ते महिने निघाले. पुढे महिन्याचा ताळा असा बसला: हप्त्यात ९० वाचले, दुसऱ्या गाडीचा विमा-पेट्रोल गेल्याने साधारण १०५, आणि वैशालीने शाळेत रोजचा एक तास वाढवून घेतला. तो वाढीव पगारही हिशोबात दाखवला.

करार आता मार्च २०२७ मध्ये संपेल. योगायोगाने क्रेडिट फाइलवरची सहा वर्षंही तेव्हाच पुरी होतात. रजिस्टरवरून नाव निघायला त्यापुढे तीन महिने.

वेगळं काय करता आलं असतं

‘नाही’वरची खूण. हे उघड आहे. पण मला वाटतं खरी चूक त्याच्या आधीची होती: पैसे भरण्याआधी विचारलं नाही. ‘हो’ असं खरं लिहूनही नकार आला असता तर डिपॉझिट परत मिळण्याची शक्यता मोठी होती, पण आठवडा वाया गेलाच असता. फोनवर दोन मिनिटांत कळणाऱ्या गोष्टीसाठी अर्ज करायचाच कशाला?

नोटीस आली त्या दिवशीच सुपरवायझरला कळवायला हवं होतं. त्यांनी पत्र हवं झाल्यावर कळवलं, आणि नवं भाडं तर घर ठरल्यावर. त्यामुळे सुपरवायझरच्या पत्राला नऊ दिवस आणि हप्त्याच्या बदलाला दोन महिने गेले. जूनमध्ये सांगितलं असतं तर नवं भाडं अंदाजाने धरून प्रस्ताव आधीच तयार ठेवता आला असता. यात माझाही वाटा आहे. पहिल्या बैठकीत मी घरामागे लागले. करार त्या भाड्याच्या आकड्यावर उभा आहे हे माझ्या ध्यानात आठवड्याने आलं.

जामिनाचा निर्णय आजही मी दोन्ही बाजूंनी मांडू शकते. मावसभावाला विचारलं असतं तर दोन महिन्यांचं भाडं कदाचित आगाऊ द्यावं लागलं नसतं, बहिणीचे पैसेही लागले नसते. पण एका नातेवाइकाला धोक्यात घालण्यापेक्षा गाडी विकणं प्रशांतला सोपं गेलं, आणि तो त्याचा हक्क होता.

आज हेच प्रकरण आलं तर रस्ता वेगळा असेल. २०२५ च्या रेंटर्स राइट्स कायद्याने इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून सेक्शन २१ बंद केलं, आणि भाडेकरार सुरू होण्याआधी एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ मागता किंवा घेता येत नाही. विनाकारण नोटिशीची भीती गेली. मालकाला घर विकायचं असेल तर ते कारण देऊन चार महिन्यांची सूचना द्यावी लागते. पण ‘आगाऊ देतो, घर द्या’ हा दरवाजाही बंद झाला. आयव्हीएतल्या माणसाकडे मग जामीनदार उरतो, किंवा पिवळ्या रेघांची स्टेटमेंट्स आणि ती बोटाने मोजणारा मालक.

बहिणीच्या पैशांचं काय, हे प्रशांतने नव्या घरात पहिल्याच आठवड्यात विचारलं. जुनं डिपॉझिट आलं की त्यातून पाठवून देऊ का? मी नको म्हटलं. भेट म्हणून लिहून दिलेले पैसे महिनाभरात परत गेले तर ते पत्र खोटं ठरतं. मार्च २०२७ नंतर बघू, असं तो म्हणतो. बहीण फोनवर तो विषयच काढू देत नाही.